यादी कुणाच्या हातात?

आमच्या कॉटन ग्रीन भागात वर्षभर कुठली ना कुठली यादी लागलेली असते. निवडणूक आली की मतदार यादी, गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली की म्हाडाची यादी, जून जवळ आला की शाळाप्रवेशाची यादी. माणसं बोट फिरवत आपलं नाव शोधतात. नाव सापडलं की सुटकेचा श्वास, नाही सापडलं की कागदपत्रांची पिशवी घेऊन चकरा सुरू. सामान्य माणसाचा सरकारशी संबंध येतो तो बहुतेक वेळा अशा यादीतूनच.

या सरकारी कागदांबद्दल नोव्हेंबर २०२५ मध्ये एक मोठा बदल झाला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालीच मंजूर झाला होता. त्याचे नियम आता आले, आणि त्यासोबत माहिती अधिकार कायद्यातलं एक कलम बदलणारी तरतूद लागू झाली. बदल तसा दोन-चार ओळींचा. पण त्यामुळे सरकारी कागद मागणाऱ्याला ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं सांगून परत पाठवणं सोपं झालं. आपल्या मोहल्ल्यांत, मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर यावर कुणी बोलताना मी ऐकलं नाही. म्हणून हा लेख.

सरकारी कारभार लोकांना दिसला पाहिजे, असं आपण म्हणतो. माझ्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये, असंही आपणच म्हणतो. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि दोन्ही एकत्र नांदू शकतात. पण मुंबईचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर सत्तेनं या मागण्या अनेकदा उलट्या करून वापरलेल्या दिसतात. गरिबाचं घर उघडं पाडलं आणि स्वतःच्या कपाटाला कुलूप घातलं. कायद्यातला नवा बदल मला याच जुन्या सवयीचा पुढचा भाग वाटतो. का, ते क्रमानं सांगतो.

प्लेग आणि दारावरच्या खुणा

कॉटन ग्रीन हे नाव मुळात कुलाब्याचं. कापसाचा बाजार तिथे भरायचा. १९२०च्या दशकात पोर्ट ट्रस्टनं माझगाव-शिवडीच्या भरावाच्या जमिनीवर कापसाची मोठी गोदामं उभी केली, बाजार इकडे आला आणि नावही सोबत आलं. आज हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडी यांच्या मधलं स्टेशन म्हणून लोक ते ओळखतात. बंदर, गोदी, गोदामं आणि गिरण्या यांच्या आधारानं वाढलेला हा सगळा पूर्व किनारा. इथल्या कष्टकऱ्यांच्या घरात डोकावण्याची सरकारची सवय मात्र या गोदामांपेक्षा जुनी आहे.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये गोदीजवळच्या मांडवी भागात डॉ. विएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. या कायद्यानं सरकारला जवळपास अमर्याद अधिकार दिले. तपासणी पथकं घरोघरी जायची, आजारी माणसाला उचलून इस्पितळात न्यायची, घरातल्यांना छावणीत. राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली जायची. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला कळायचं, की या घरात काय घडलं.

साथ भयंकर होती आणि उपाय करणं सरकारचं कामच होतं, हे मान्य. पण पद्धत अशी होती, की लोकांना आजारापेक्षा पथकाची भीती जास्त वाटू लागली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा कुटुंबातल्या आजारी मुलीला न्यायला पथक आलं. घरच्यांनी विरोध केला, गर्दी जमली, दंगल उसळली, गोळीबार झाला. त्यानंतर गोदी आणि रेल्वेतल्या कामगारांनी काम थांबवलं. हा विरोध फक्त मुसलमानांचा नव्हता. पुण्यात रँडच्या पथकांविरुद्धचा संताप आणि २२ जून १८९७चा त्याचा खून आपण सगळ्यांनी शाळेत शिकलेलो आहोत. घराचा उंबरठा आणि बायकामुलींची अब्रू हा हिंदू-मुसलमान दोघांचा सारखाच नाजूक विषय होता.

याची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. १८९७मध्येच मुंबईतल्या प्लेगच्या कामाची सूत्रं जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे आली होती. हे गॅझेटियरचे संपादक होते, लोकांना ओळखणारे. त्यांनी वेगवेगळ्या जमातींच्या पुढाऱ्यांना सोबत घेतलं, जमातींच्या स्वतःच्या इस्पितळांना वाव दिला. धाक कमी झाला. म्हणजे साथ आवरण्यासाठी घराची अब्रू मोडावीच लागते असं नव्हतं. ते तेव्हाच सिद्ध झालं होतं.

त्याच काळात सरकारच्या बाजूचे कागद कुठे होते? कुलपात. शासकीय गुपितांचा पहिला कायदा १८८९चा. कर्झनच्या काळात, १९०४मध्ये तो आणखी कडक झाला. १९२३मध्ये नव्यानं आला आणि तो आजही लागू आहे. हे दोन्ही एकत्र ठेवून पाहा. पथकाला जुलाह्याच्या घरातली खाट दिसत होती, पण त्या जुलाह्याला पथक कोणत्या आदेशानं आलं तो कागद दिसत नव्हता.

१९९३च्या याद्या

आता जवळच्या काळात येऊ. हा भाग लिहिताना हात जड होतो, पण तो टाळला तर विषय कळणार नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबई दंगलीची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगानं केली. आयोगाच्या हिशेबानं या दंगलीत ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. बाकीच्यांत ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर. जानेवारीतल्या हल्ल्यांबद्दल आयोगानं एक गोष्ट नोंदवली आहे, आणि ती या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. शिवसैनिकांचे हल्ले आखीव होते आणि हल्लेखोरांच्या हातात दुकानांच्या व मतदारांच्या याद्या होत्या, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.

मतदार यादी! लोकशाहीतला सगळ्यात साधा, सगळ्यात उघडा कागद. त्यात नाव असतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, वय असतं, घर क्रमांक असतो. नावावरून धर्म कळतो आणि घर क्रमांकावरून दार. १९८४मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधायलाही मतदार याद्या वापरल्या गेल्या होत्या. ही फक्त आपल्या देशाची गोष्ट नाही. नेदरलँड्समध्ये नागरिकांची नोंद ठेवण्याची पद्धत इतकी चोख होती, की जर्मन सैन्यानं देश घेतल्यावर ज्यूंची घरं शोधायला तीच नोंद कामाला आली. तिथले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार करणाऱ्या एका गटानं अ‍ॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय उडवलं, ते ही कार्डं जळावीत म्हणून.

हे वाचून कुणी म्हणेल, मग झाकूनच टाका सगळ्या याद्या. थांबा. कारण त्याच १९९३ची दुसरी बाजू आहे.

कॉटन ग्रीनपासून दोन स्टेशनं पुढे वडाळा. तिथल्या हरी मशिदीत १० जानेवारी १९९३ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि नमाजासाठी आलेली माणसं मेली. पोलिसांच्या कागदावर ती दंगलखोर जमावावरची कारवाई होती. मारले गेलेले आणि जखमी झालेलेच आरोपी ठरले. आयोगासमोर साक्षी झाल्या, आयोगानं पोलिसांचं म्हणणं मानलं नाही आणि गोळीबार करणाऱ्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवला. जखमींपैकी एकानं वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला. डिसेंबर २००८मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे प्रकरण सीबीआयकडे दिलं. सीबीआयनं पुढे ते बंद करण्याचा अहवाल दिला, हा भाग वेगळा आणि कडू. पण एका सामान्य नोकरदार माणसाला सरकारविरुद्ध कोर्टात उभं राहता आलं, कारण त्याच्या हातात आयोगाचा अहवाल होता.

आणि हा अहवाल सहजासहजी बाहेर आला नव्हता. आयोग २५ जानेवारी १९९३ला नेमला गेला. जानेवारी १९९६मध्ये युती सरकारनं तो गुंडाळला. टीका झाली, केंद्रातून सूचना आली, तेव्हा मे महिन्यात तो पुन्हा जिवंत झाला. १६ फेब्रुवारी १९९८ला अहवाल सरकारच्या हाती गेला. सभागृहात तो ठेवला गेला ६ ऑगस्टला. चौकशी आयोग कायद्यात सहा महिन्यांच्या आत ठेवण्याची सक्ती आहे. ती मुदत संपायला जेमतेम दहा दिवस उरले होते. कायद्यात ही एक ओळ नसती, तर तो अहवाल आपण वाचला असता का, मला शंका आहे.

म्हणजे १९९३मध्ये उघडा असलेला एक कागद हल्लेखोराच्या हाती पडला आणि झाकून ठेवलेला दुसरा कागद पीडिताला सहा महिने मिळाला नाही. दोन्ही सरकारीच कागद. पहिल्यात सामान्य माणसाचं दार होतं, दुसऱ्यात सत्तेची करणी. उघडं काय असावं आणि जपलेलं काय असावं, याचं उत्तर मला या फरकात सापडतं.

एकाच कपाटातली दोन रजिस्टरं

मी शिक्षक आहे, म्हणून शाळेचं उदाहरण देतो. कुठल्याही शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, धर्म, जात, आधीची शाळा. हे रजिस्टर कायम जपायचं असतं, कारण पन्नास वर्षांनीही त्याच्या आधारावर दाखला द्यावा लागतो. त्याच कपाटात पोषण आहाराचं रजिस्टर असतं. तांदूळ किती आला, किती शिजला, किती मुलं जेवली.

उद्या एखादा अनोळखी माणूस येऊन म्हणाला, आठवीतल्या अमुक मुलीचा पत्ता द्या, तर कुठलाही शहाणा शिक्षक देणार नाही. पण तोच माणूस म्हणाला, मला पोषण आहाराचा हिशेब बघायचा आहे, तर त्याला नाही म्हणण्याचं काही कारण नाही. तो तांदूळ लोकांच्या पैशाचा आहे. कपाट एक, किल्ली एक, पण दोन रजिस्टरांचा धर्म वेगळा. हा भेद कळायला वकिली लागत नाही.

खरी अडचण येते ती मधल्या कागदांची. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी घ्या. त्यात माणसाचं नाव आहे, म्हणजे ती वैयक्तिक. पण घर सरकारी पैशानं मिळालं आहे, म्हणजे ती सार्वजनिकही. यादी लावली नाही तर खोटा वारस घुसला तरी कुणाला कळणार नाही. मग नाव आणि पात्रता लावावी, मोबाइल नंबर, आधार क्रमांक आणि बँक खातं झाकावं. मधला मार्ग असा प्रत्येक कागदासाठी वेगळा काढावा लागतो. तो काढण्यासाठी कायद्यात तराजू हवा.

तराजू कसा आला, कसा गेला

असा तराजू आपल्याकडे होता, आणि तो मिळवण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा होता. राज्यानं माहितीच्या अधिकाराचा पहिला कायदा २०००मध्ये केला. तो कमकुवत होता. टीकेनंतर २००२मध्ये नवा अध्यादेश आला आणि त्याचा कायदा व्हावा यासाठी अण्णा हजारे ऑगस्ट २००३मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला.

या कायद्याचं कलम ८(१)(जे) खासगी आयुष्याचं रक्षण करणारं होतं. त्याचा आशय असा. एखाद्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल, तर ती नाकारता येईल. पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. जनमाहिती अधिकाऱ्याला प्रत्येक वेळी दोन्ही पारडी बघायची होती.

याचा उपयोग काय झाला, हे ‘आदर्श’मध्ये दिसलं. कुलाब्यातली ३१ मजल्यांची इमारत, कारगिलच्या शहिदांच्या कुटुंबांचं नाव पुढे केलेलं. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात कागद मिळवले, सदस्यांची यादी समोर आली आणि त्यात पुढाऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे नातेवाईक निघाले. नोव्हेंबर २०१०मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावं लागलं. ती यादी म्हणजे काय होतं? नावं आणि नाती. अक्षरशः पाहिलं तर सगळी वैयक्तिक माहिती.

तराजू एका बाजूला झुकायला सुरुवात झाली २०१२मध्ये, आणि तीही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी एका सरकारी अधिकाऱ्याला मिळालेल्या नोटिसा, शिक्षा, मालमत्ता आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं मागितली होती. प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयानं म्हटलं, की ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही. प्राप्तिकराचं समजू शकतं. पण नोकरीतल्या गैरवर्तनाबद्दल झालेली शिक्षा ही अधिकाऱ्याची घरगुती बाब कशी? तो निकाल पुढे कार्यालयांना नकाराचं तयार उत्तर म्हणून सापडला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. या निकालाचं मी मनापासून स्वागत केलं होतं. कोण काय खातं, कुणाशी लग्न करतं, कुणाची उपासना करतं, हे सरकारनं बघू नये, असं म्हणायला त्यानं भक्कम जमीन दिली. पण या हक्काच्या नावानं आलेल्या २०२३च्या कायद्यानं कलम ४४(३) मध्ये काय केलं? माहिती अधिकारातलं ते लांबलचक कलम काढून तिथे एवढंच ठेवलं, की वैयक्तिक माहिती देण्याचं बंधन नाही. सार्वजनिक कामाशी संबंधाची अट गेली, विनाकारण आक्रमणाची कसोटी गेली, विधिमंडळाच्या बरोबरीचं वाक्य गेलं.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. सरकार म्हणतं, कलम ८(२) कायम आहे. त्यानुसार नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. हे खरं आहे. पण कलमाच्या आतच असलेली कसोटी निघून गेल्यावर अधिकाऱ्याची सुरुवात नकारापासून होणार आणि जनहित पटवण्याचा भार अर्जदाराच्या डोक्यावर येणार. मंत्रालयात ज्याची ओळख नाही अशा माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

दुसरीकडे, त्याच कायद्याच्या कलम १७मध्ये केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी सूट देता येते. म्हणजे आपली माहिती त्यांच्याकडे जाण्याची वाट मोकळी आणि त्यांची माहिती आपल्याकडे येण्याची वाट अरुंद.

कुणाच्या आयाबहिणी?

हा उलटेपणा इतरत्रही दिसतो. १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागानं आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांबद्दल समन्वय समिती नेमणारा शासन निर्णय काढला. अशा जोडप्यांची, त्यांच्या कुटुंबांची माहिती समिती गोळा करणार होती. टीका झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळला. ‘आंतरधर्मीय’ राहिला. सज्ञान मुलगा-मुलगी कुणाशी लग्न करतात ही खासगी गोष्ट नाही, तर मग खासगी काय असतं? विशेष विवाह कायदा, १९५४ अजूनही तीस दिवस आधी नोटीस लावायला सांगतो. त्या नोटिशीवरून कोण कुणाच्या घरी पोहोचतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं ही नोटीस जोडप्याच्या इच्छेवर ठेवली, ते याच कारणानं.

आता मतदानाकडे बघा. डिसेंबर २०२४मध्ये निवडणूक नियमांत बदल करून लोकांना पाहता येणाऱ्या कागदपत्रांची व्याप्ती कमी केली गेली. ऑगस्ट २०२५मध्ये मतदान केंद्रांवरच्या सीसीटीव्ही चित्रणाची मागणी झाली, तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्तांनी आयाबहिणींच्या खासगीपणाचा मुद्दा काढला. मतदान केंद्र ही सार्वजनिक जागा आहे. कुणी कुणाला मत दिलं हे गुप्त, पण रांगेत कोण उभं होतं हे गुप्त कसं? आणि त्याच महिन्यात बिहारमध्ये मतदार यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला आदेश द्यावा लागला, की ही नावं कारणांसह प्रसिद्ध करा. यादी उघडी झाली म्हणून जिवंत माणसांना ‘आम्ही मेलेलो नाही’ असं सांगता आलं. तीच मतदार यादी, जी १९९३मध्ये दार शोधायला वापरली गेली, ती इथे हक्क राखायला कामाला आली.

उर्दूतल्या नोंदी

कागद उघडण्याचं एक चांगलं उदाहरण माझ्या विषयाच्या जवळचं आहे. सप्टेंबर २०२३मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामाच्या काळातले अनेक कागद उर्दूत आणि फारसीत होते, काही मोडीत. ते वाचायला उर्दूचे जाणकार लागले. पहिल्या अहवालाच्या वेळी सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासून ११,५३० कुणबी नोंदी सापडल्याचं सांगितलं गेलं. ज्या भाषेला आपल्याकडे परकी म्हणून हिणवलं जातं, त्या भाषेतल्या कागदांवर मराठा समाजाचा दावा उभा राहिला. आरक्षणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. जुना सरकारी कागद जपलेला आणि उघडा असेल तर त्याचा उपयोग कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, एवढं यातून दिसतं.

पूर्व जर्मनीच्या बाबतीत हा प्रश्न फार विचारपूर्वक सोडवला गेला. तिथल्या गुप्त पोलिसांनी लाखो नागरिकांच्या फायली बनवल्या होत्या. जर्मनी एक झाल्यावर डिसेंबर १९९१मध्ये कायदा झाला. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला स्वतःची फाइल वाचता येईल. पाळत ठेवणारे अधिकारी आणि खबरे यांची नावं त्याला कळतील. फाइलमध्ये सहज आलेल्या तिसऱ्या निरपराध माणसाचं नाव मात्र काळं केलं जाईल. सत्तेच्या बाजूचा माणूस उघडा, सामान्य माणूस झाकलेला. करायचं ठरवलं तर करता येतं.

आपल्या परंपरेतही हा भेद आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या दोन गोष्टी बयानांत नेहमी सांगितल्या जातात. एकदा ते मिंबरवर उभे असताना कुणीतरी विचारलं, सगळ्यांच्या वाट्याला कापडाचा एकेक तुकडा आला, तुमचा एवढा लांब कुर्ता कसा झाला? खलिफांनी ‘हा माझा खासगी प्रश्न आहे’ म्हटलं नाही. मुलानं उठून सांगितलं, की माझा तुकडा मी वडिलांना दिला. दुसरी गोष्ट रात्रीच्या गस्तीची. घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. घरमालक म्हणाला, माझी चूक एक, तुमच्या तीन. तुम्ही पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाही. खलिफा माघारी फिरले. राज्यकर्त्याच्या अंगावरचं कापड प्रश्न विचारण्यासाठी खुलं, आणि गुन्हेगाराच्याही घराचा उंबरठा बंद. एवढं साधं सूत्र आहे.

आपण काय करायचं

कायदा बदलला तरी सगळी दारं बंद झालेली नाहीत. माहिती मागताना अर्जात कलम ८(२)चा उल्लेख करून जनहित काय आहे ते दोन ओळींत लिहावं. कलम १० अजून शाबूत आहे. त्यानुसार कागदाचा न देण्यासारखा भाग झाकून उरलेला भाग मागता येतो. आधार, मोबाइल, घरचा पत्ता नको, असं आपणच लिहिलं तर नकाराचं निम्मं कारण संपतं. कलम ४ प्रमाणे लाभार्थी योजनांचा तपशील कार्यालयानं न मागताच प्रसिद्ध करायचा असतो, तो मागावा. नकार आला तर तीस दिवसांत प्रथम अपील करावं. आणि जमातीच्या संस्था, शाळा, ट्रस्ट चालवणाऱ्यांनी स्वतःचे हिशेबही तेवढेच उघडे ठेवावेत, म्हणजे दुसऱ्याकडे मागताना तोंड राहतं.

त्याच वेळी आपल्या बाजूनं काय द्यायचं याचाही विचार हवा. कुठल्याही सर्वेक्षणाचा फॉर्म भरताना हा कुणी काढला, कोणत्या कायद्यानं, माहिती कुठे जाणार, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नये.

शेवटी एक यादी सांगतो. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुंबई दंगलीच्या भरपाईबद्दल निकाल दिला. १६८ माणसं बेपत्ता नोंदवली गेली होती. त्यांतल्या ६० जणांच्या घरच्यांना भरपाई मिळाली, १०८ जणांच्या वारसांचा पत्ता लागत नव्हता. न्यायालयानं त्यांना शोधायला सांगितलं, व्याजासह रक्कम द्यायला सांगितली, आणि धूळ खात पडलेल्या ९७ खटल्यांचा तपशील मागवला. त्या १०८ घरांपैकी किती सापडली? त्या ९७ खटल्यांचं काय झालं? दहा रुपयांचं तिकीट लावून कुणीही हे विचारू शकतं. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज परत आला, तर त्याच दिवशी अपील लिहायला बसावं. हे प्रश्न बेपत्ता माणसांच्या खासगी आयुष्याबद्दलचे नाहीत. त्यांना शोधण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्या कामाबद्दलचे आहेत.